गव्याला बालविभागातून बाहेर आणा

मा. अध्यक्ष आणि प्रदर्शन समितीचे सगळे सभासद,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र खुलं लिहितेय, कारण बंद पाकिटातलं सोमवारीच तुमच्या टेबलावर ठेवलंय आणि त्याचं उत्तर मला फोनवर मिळालं, "टीचर, सोडून द्या ना आता, आम्ही चित्र काढून तर टाकलं नाही." खरं आहे, काढून नाही टाकलंत. मोठ्या हॉलच्या भिंतीवरून उतरवलंत आणि मागच्या खोलीत बालविभागात नेऊन टांगलंत, पाचवी-सहावीच्या मुलांच्या 'माझा आवडता प्राणी'च्या रांगेत. एका बाजूला खडूने रंगवलेला पोपट, दुसऱ्या बाजूला काचेच्या पेटीतले मासे, आणि मध्ये आमचा गवा, शर्ट-पँट घालून, बगलेत फाईल धरून, रांगेत उभा.

मी फोंडा तालुक्यात बावीस वर्षं हायस्कूलला ड्रॉइंग शिकवतेय. ज्या मुलीचं हे चित्र आहे ती दहावीपर्यंत माझ्या वर्गात होती, आता एकोणीस वर्षांची आहे. तिने खुल्या गटाचा फॉर्म भरला, खुल्या गटाची फी भरली आणि तुमच्याच निवड मंडळाने ते खुल्या गटात निवडलं. उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी मी स्वतः ते हॉलमध्ये लावलेलं पाहिलं. सकाळी जाऊन बघते तर खिळा रिकामा.

ज्यांनी चित्र पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. अर्ध्या शीटवर निब आणि काळ्या शाईचं काम, वरून पातळ करडा वॉश. एका कचेरीची खिडकी. आत बगळा, पांढराशुभ्र शर्ट, चष्मा चोचीच्या मध्यावर घसरलेला, मान अशी आत मुडपून घेतलीय की खिडकीपलीकडे कोण उभं आहे ते त्याला दिसूच नये. तो उभा आहे आणि टेबलाखाली बघितलं तर पाय एकच. मागे रिकामी खुर्ची, खुर्चीच्या पाठीला टॉवेल. टेबलाच्या कोपऱ्यावर डबा, झाकण नीट लागलेलं नाही म्हणून बांगड्याची शेपटी बाहेर आलीय. खिडकीसमोर रांग. मागे साळींदर, स्वतःचाच एक काटा उपटून पेनसारखा कानावर अडकवलाय, त्याच्या मागे खवलेमांजर, कागद पोटाशी धरून स्वतः त्याभोवती गुंडाळून बसलंय, कोणी हिसकावून घेईल म्हणून. रांगेच्या बाहेर कावळा, हातात फॉर्मांचा गठ्ठा, एजंट. आणि सगळ्यात पुढे गवा. त्याच्या हातातल्या कागदावर बारीक अक्षरात लिहिलंय, एक-चौदाचा उतारा, म्हणजे आपल्या गोव्यातला सातबारा. जंगल आपलं आहे हे सिद्ध करायला आलाय तो.

त्याच्या पायांकडे बघा, मला या चित्रात सगळ्यात आवडलेली गोष्ट ती. गव्याचे पाय गुडघ्याखाली पांढरे असतात, निसर्गानेच मोजे घातल्यासारखे. तिने पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली दाखवलीय, चिखलातून चालत आलेला माणूस दुमडतो तशी, त्यामुळे ते पांढरे पाय खरोखर इस्त्रीचे मोजे वाटतात, कचेरीत जायचं म्हणून मुद्दाम घातलेले. आणि त्या मोज्यांवर तांबडी माती उडालीय. अख्ख्या चित्रात रंग म्हणाल तर तेवढाच. ही माती खाणीची की शेताची ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. अशी जागा सुचायला आधी तो प्राणी नीट पाहिलेला असावा लागतो आणि माणूस पण नीट पाहिलेला असावा लागतो. बावीस वर्षांत मला स्वतःला अशी जागा सुचली नाही.

आता तुमचं म्हणणं. मी तुमच्यातल्या तिघांशी बोलले. पहिलं उत्तर सगळ्यांसमोर मिळालं, प्राण्यांना कपडे घातले की ते मुलांचंच चित्र, "भुरग्यांक बरें दिसता, टीचर". दुसरं जरा बाजूला घेऊन, आवाज खाली करून, "उगाच कोणाला तरी लागेल हो". ही दोन्ही उत्तरं एकाच चित्राबद्दल आहेत. लहान मुलांचं असेल तर मोठ्या माणसाला लागेल कसं? आणि लागणार असेल तर ते मोठ्यांचं चित्र आहे हे तुम्हाला माहीत आहे, आणि माहीत असूनच ते मुलांच्या खोलीत ठेवलंय, म्हणजे तिथे कोणी मोठा माणूस त्याच्यासमोर थांबणार नाही. काढून टाकलं असतंत तर निदान भांडता तरी आलं असतं, असं बाजूला सारलेल्या चित्रासाठी भांडायचं कसं तेच कळत नाही.

माझा राग चित्र हलवल्याचा आहेच, पण त्याहून जास्त या समजुतीचा आहे की कपडे घातलेला प्राणी म्हणजे बालवाडी. ही समजूत कुठून आली कोण जाणे, कार्टून चॅनलवरून आली असेल, पण ही कला मुळात लहान मुलांसाठी जन्मलेलीच नाही.

इजिप्तमध्ये दैर अल-मदिना म्हणून कारागिरांचं गाव होतं, राजांच्या थडग्यांत चित्रं काढणाऱ्यांचं. दिवसभर राजा मोठा, राजा शूर, राजा रथात, हेच काढायचं. त्या गावातून तीन हजार वर्षांपूर्वीचे दगडाचे तुकडे मिळालेत ज्यांवर त्यांनी आपल्या मनाचं काढलंय, उंदीरबाई थाटात बसलीय आणि मांजर तिची सेवा करतंय. तुरिनच्या म्युझियममध्ये त्याच काळातला एक पपायरस आहे, त्यात उंदरांचा राजा रथात उभा राहून मांजरांच्या किल्ल्यावर चाल करून जातोय आणि रथाला जुंपलेत कुत्रे. जी पोझ राजाची, तीच उंदराला दिलीय. ज्या हाताने राजा काढला त्याच हाताने उंदीर काढला असणार, कारण रथ कसा काढतात ते त्यालाच ठाऊक. हे काय पोराबाळांना झोपवायला काढलं असेल?

लांब कशाला जायचं, आपल्याकडे महाबलीपुरमला जा. सातव्या शतकातलं पल्लवांचं ते प्रचंड शिल्प, कोणी गंगावतरण म्हणतं कोणी अर्जुनाची तपश्चर्या, तिथे तपस्वी एका पायावर हात वर करून उभा आहे आणि त्याच दगडावर खाली एक मांजर, तस्संच, मागच्या पायांवर उभं, पुढचे पाय वर जोडलेले, आणि समोर उंदीर. शाळेच्या ट्रिपला गेलो होतो तेव्हा गाईडने ते दाखवलं आणि मुलं हसली, आणि मी तिथेच त्यांना सांगितलं की ही गोष्ट महाभारतात आहे, उद्योगपर्वात. युद्ध तोंडावर आलंय, दुर्योधन उलूक नावाच्या दूताला पांडवांच्या छावणीत पाठवतो आणि युधिष्ठिराला जो निरोप देतो त्यात हे गंगेकाठी हात वर करून बसलेलं ढोंगी मांजर येतं, उंदीर विश्वासाने जवळ येतात आणि एकेक करून कमी होत जातात. एका राजाने दुसऱ्या राजाला लढाईच्या आधी पाठवलेला अपमान आहे तो. त्याला बालविभागात बसवून बघा.

आणि तेच मांजर पुढे एकोणिसाव्या शतकात कोलकात्याला कालीघाटच्या पटुआ चित्रकारांनी काढलं, कपाळावर वैष्णव टिळा, गळ्यात माळ, आणि तोंडात झिंगा किंवा मासा. देवळाबाहेर यात्रेकरूंना स्वस्तात विकायचे. मोजून आठ-दहा रेषा असतील, पण त्या झिंग्याच्या मिशा चोहीकडे पसरलेल्या आणि मांजराचे डोळे अगदी भक्तिभावाने उघडे. मी हे चित्र दर वर्षी नववीला फळ्यावर काढून दाखवते. मुलं पहिल्यांदा "मांजर" म्हणतात, मग टिळा दिसतो, मग झिंगा दिसतो, आणि मग वर्गात एक क्षण कोणी काही बोलत नाही, कारण प्रत्येकाला गावातलं कोणीतरी आठवलेलं असतं. त्या एका क्षणासाठी मी हे काम करते असं म्हटलं तरी चालेल.

जपानमध्ये क्योटोच्या कोझान-जी मंदिराच्या मालकीच्या बाराव्या-तेराव्या शतकातल्या चार गुंडाळ्या आहेत, शाईच्या, रंग अजिबात नाही, पहिली तर अकरा मीटरहून लांब आहे. ससे-बेडूक कुस्ती खेळतात, बेडूक सशाला आपटतो. पुढे एका ठिकाणी माकड भिक्षूची वस्त्रं घालून पूजा करतंय आणि समोर बुद्धाच्या जागी कमळाच्या पानावर बेडूक बसलाय. हे मंदिराने जाळलं नाही, जपून ठेवलं. आज ते जपानचं राष्ट्रीय धन आहे. आपल्याला एका बगळ्याची भीती वाटते.

आणि भीतीचाच विषय निघालाय तर ग्रांव्हिल या चित्रकाराची गोष्ट सांगते, कारण या कलेचा विषय त्याच्याशिवाय पुरा होत नाही. जन्म १८०३, फ्रान्समधलं नान्सी गाव. १८२९ च्या सुमाराला त्याने पॅरिसच्या लोकांची चित्रमालिका काढली, अंग माणसाचं, कपडे त्या त्या माणसाच्या ऐपतीचे अगदी बटणापर्यंत बरोबर, आणि मुंडकं प्राण्याचं. रातोरात नाव झालं. मग राजकीय व्यंगचित्रं काढायला लागला, राजा लुई-फिलिपवर. १८३० च्या क्रांतीनंतर त्याच राजाच्या सनदेत लिहिलं होतं की सेन्सॉरशिप पुन्हा कधी येणार नाही. १८३५ मध्ये राजावर हल्ला झाला आणि सप्टेंबरात कायदा आला, यापुढे प्रत्येक चित्र छापायच्या आधी मंजूर करून घ्यायचं. लेखाला नाही, चित्राला! म्हणजे सरकारलाही कळलं होतं की जास्त चावतं कोण. ग्रांव्हिल पुस्तकांच्या चित्रांकडे वळला आणि १८४० नंतर त्याने पुन्हा प्राणीच काढले, त्यात कोर्ट आहे, डॉक्टर आहेत, पुढारी आहेत, लग्नं आहेत. राजाचं नाव कुठेच नाही. नाव नसलं म्हणून वाचणाऱ्याचं काही अडलं नसणार.

त्याच सुमाराला तिकडे जपानात १८४२ साली नट आणि गणिका यांची चित्रं छापायला बंदी आली, तर कुनियोशी नावाच्या चित्रकाराने मांजरांना आणि इतर प्राण्यांना नटांचे चेहरे दिले. दोन देश, एकमेकांशी काही संबंध नाही, बंदी आली की दोन्हीकडे प्राणी कपडे घालून पुढे आले. आणि आपल्याच काळातलं म्हणाल तर आर्ट स्पीगेलमन यांनी आपल्या वडिलांची नाझी छळछावणीतली कहाणी चित्रकथेत सांगितली, ज्यू म्हणजे उंदीर आणि नाझी म्हणजे मांजर, १९९२ मध्ये तिला पुलित्झर हे मोठं पारितोषिक मिळालं. उंदीर-मांजर आहे म्हणून ती कोणी पाच वर्षांच्या मुलाच्या हातात देईल का?

आपण तर गोव्यातली माणसं, आपल्याला हे जास्त कळायला पाहिजे. माझे आजोबा सांगायचे, पोर्तुगीजांच्या काळात लग्नाची पत्रिका छापायची तरी आधी सेन्सॉरकडे न्यायची, शिक्का बसला की मग छापखान्यात. पत्रिका! त्यात काय असतं, मुलाचं नाव, मुलीचं नाव, मुहूर्त. १९ डिसेंबर १९६१ ला ते राज्य गेलं. आज कुठलाही कायदा तुम्हाला सांगत नाहीये की गवा हलवा, कोणाचा फोनही आला नव्हता, हे तुमच्यातल्याच एकाने मला सांगितलं. कोणी न सांगता हलवलंत.

माझं वाईट याचंही वाटतं की बघायची सवय आपल्याकडे आहे. चतुर्थीला फळापानांच्या माटोळीखाली ज्याला आपण बसवतो त्याचं मस्तक हत्तीचं आणि अंगावर पीतांबर, तिथे व्यंगाचा प्रश्नच नाही, तो आपला देव आहे, पण प्राण्याचं तोंड आणि माणसाची वस्त्रं एकत्र बघून आपल्यापैकी कोणाला कधी पोरकट वाटलं नाही. आपले व्यंगचित्रकार मारियो मिरांडा यांची चित्रं आपण कपांवर, टाईल्सवर लावतो, कोपऱ्यातला कुत्रा शोधतो, तारेवरचे कावळे मोजतो. भाषेत तर बगळाभगत रोज म्हणतो, कोल्हा काकडीला राजी म्हणतो, उंदराला मांजर साक्ष म्हणतो, आणि त्या शेवटच्या म्हणीत तर अख्खं कोर्ट भरलेलं आहे. जे आपण तोंडाने दिवसातून चार वेळा बोलतो तेच एका मुलीने शाईने काढलं तर ते एकदम मुलांचं झालं?

"हा बगळा कोण?" असं तुमच्यातल्या एकाने तिला विचारलं म्हणे. ती घाबरली आणि "कोणी नाही" म्हणाली. तिने खरंच सांगितलं. या प्रकारच्या चित्रात तोंडावळा काढायचा नसतो, सवय काढायची असते. मान आत ओढून घ्यायची सवय, टॉवेल टाकून खुर्ची रिकामी ठेवायची सवय. एका माणसाचं नाक मोठं काढलं तर तो एकच माणूस दुखावतो, सवय काढली तर बघणारा प्रत्येक जण आधी दुसऱ्याला ओळखतो आणि घरी जाताना कदाचित स्वतःला. म्हणून परीक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे, अशा चित्राला मार्क देताना हा कोण ते विचारू नका. प्राणी बरोबर निवडलाय का ते बघा, बगळ्याच्या जागी कावळा बसवला तर चित्र बिघडतं का ते बघा. कपडे अंगावर बसलेत का, शिंगं आणि कॉलर एकमेकांना आडवी येतात का, उभं राहणं माणसाचं आहे पण वजन प्राण्याचं राहिलंय का. यातलं एक जरी चुकलं की मुखवटा घातलेला माणूस दिसायला लागतो. तिच्या गव्याचे खांदे बघा, तो उंचवटा शर्टातून वर आलाय आणि पाठीवरची शिवण ताणली गेलीय. खुल्या गटातल्या निम्म्या चित्रांत एवढी ड्रॉइंग नाही, हे मी त्या चित्रकारांची माफी मागून म्हणतेय.

मंगळवारी दुपारी मी बालविभागात बसले होते, मुद्दाम. एक म्हातारे गृहस्थ आले, नातवाचा पोपट बघायला. पोपट बघून झाला, मोबाईलवर फोटो काढून झाला, आणि नजर बाजूला गेली. पहिल्यांदा हसले, बांगड्याची शेपटी त्यांना दिसली असावी. मग जवळ गेले, चष्मा वर करून तो बारीक अक्षरातला एक-चौदा वाचला. मग बराच वेळ तसेच उभे. नातू शर्ट ओढत होता. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाले, "बाये, हो हांवूच." हा मीच. मग हातातली प्लॅस्टिकची पिशवी थोडी उघडून दाखवली, आत दोरी बांधलेली फाईल होती, सकाळी कचेरीत जाऊन आले होते, काम झालं नव्हतं. मोठ्या हॉलमध्ये ते गेलेच नाहीत, सरळ नातवाच्या खोलीत आले म्हणून त्यांना हे चित्र दिसलं. उरलेल्यांना कसं दिसणार?

तुमच्यात दोघे-तिघे कुळागरवाले, म्हणजे बागायतदार, आहात. गवा तुमच्याकडे रात्री येतो, केळी मोडून जातो, तुमचं नुकसान होतं, ते मला कळतं, माझ्या माहेरीही होतं. पण तो आपल्या राज्याचा प्राणी आहे आणि तो खाली का उतरतो हे आपण सगळे जाणतो. त्या मुलीने त्याला फक्त दिवसा आणलं, कपडे घालून, रांगेत, नियमाप्रमाणे.

मला नवीन स्पर्धा नको, बक्षीस नको, पेपरात नाव तर नकोच नको. पुढच्या वर्षीच्या फॉर्मवर खुल्या गटात व्यंगचित्राचा वेगळा विभाग लिहा आणि त्यात प्राण्यांची चित्रं चालतील एवढी एक ओळ घाला, म्हणजे कोणाला परत असं हलवता येणार नाही. आणि त्या मुलीला कोणीतरी मोठ्या माणसाने सांगा की तिचं काही चुकलं नाही. मी सांगून झालंय, माझ्या सांगण्याने भागत नाहीये, ती म्हणते तुम्ही तर माझ्या टीचरच. तिने दुसरं चित्र अर्धवट ठेवलंय. पावसातला बेडूक, अंगात रेनकोट, हॉटेलच्या टेबलावर मेनूकार्ड वाचतोय, आणि मेनूत त्याला आपलंच नाव दिसतंय. पेन्सिलीत पूर्ण आहे, शाई घालायची बाकी आहे. चार दिवस झाले, निब तशीच पडलीय.

प्रदर्शन रविवार संध्याकाळपर्यंत आहे. मोठ्या हॉलमध्ये डावीकडे, पंख्याच्या बटणांच्या शेजारी, तो खिळा काल रात्रीपर्यंत रिकामाच होता. चित्राच्या मागे दोरी आहे, काचेवर थोडी धूळ बसलीय ती मी पुसून घेईन. शनिवारी शाळा सुटली की साडेबारापर्यंत पोचते, मागच्या खोलीची चावी कोणाकडे असेल तेवढं कळवा.

आपली,
एक ड्रॉइंग टीचर
फोंडा, गोवा